वज्रबाहूच्या नावानं आंघोळ

दुसरा गडवा डोक्यावर ओतला तेव्हा माझ्या लक्षात आलं की अंगात सदरा आहे. सदराच काय, पॅन्ट, पट्टा, मनगटावरचं घड्याळ, सगळा मुद्देमाल जागच्या जागी होता. पाणी सदऱ्याच्या आतून पोटावरून खाली उतरत होतं आणि मी, कमलाकांत, वय वर्षे अठ्ठावन्न, अमरावतीच्या दिवाणी कोर्टात तीस वर्षं उभा असलेला वकील, मे महिन्यातल्या रविवारी दुपारी पावणेचार वाजता बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तिसरा गडवा भरत होतो. बाहेरून दारावर थाप पडली. "अहो, कोण गेलं?" माझ्या बायकोनं, सरोजिनीनं विचारलं. काय झालं नाही, बरं वाटत नाही का नाही, एकदम कोण गेलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं नक्की कळलेलं आहे की हा माणूस दार लावून कपड्यांसकट धडाधड पाणी ओतायला लागला म्हणजे कोणीतरी गेलं. मी म्हणालो, "वज्रबाहू." बाहेर ती मनातल्या मनात दोन्ही घराण्यांची यादी तपासत असावी. मग म्हणाली, "तुमच्याकडचा की आमच्याकडचा?" मी गडवा नळाखाली धरला. "कोणी तरी लांबचा असेल," असं स्वतःलाच सांगत ती स्वयंपाकघराकडे गेली, आणि मी तिसरा गडवा ओतून घेतला, कारण सुरू केलेलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

वज्रबाहू तसा माणूस नव्हता, कागद होता. दोन्ही बाजूंनी पेन्सिलीनं भरलेला एक कागद: ताकद अठरा, चपळाई नऊ, बुद्धी सहा, जवळ एक तलवार, एक कांबळं आणि अर्धी भाकर. हा खेळ मोबाईलवर नसतो, टीव्हीवर नसतो. टेबलाभोवती बसायचं. एकानं सूत्रधार व्हायचं. राज्य तोच सांगतो, डोंगर तोच सांगतो, वाटेत भेटणारी माणसं आणि राक्षस यांच्या तोंडूनही तोच बोलतो. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आता मी अमुक करतो असं म्हणायचं. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आमची सूत्रधार म्हणजे माझी मुलगी जुईली, वय चोवीस. आकांक्षा नावाची तिची मैत्रीण चेटकीण होते. श्याम हा बाळापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, इथं खोली घेऊन स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतो, तो चोर होतो, पण त्याचे संस्कार असे की समोर कसलाही राक्षस आला तरी हा आधी विचारतो, "जेवन झालं काय?" आणि मी वज्रबाहू. सोंग निवडायची वेळ आली तेव्हा पोरांनी मला पंडित सुचवला होता, मंत्री सुचवला होता, म्हातारा मांत्रिक तर फारच आग्रहानं सुचवला होता. मी म्हणालो, मला दांडगा हवा, बावीस वर्षांचा, निरक्षर. आयुष्यात मी कोणावर हात उगारलेला नाही आणि आयुष्यात मी एक दिवस न वाचता राहिलेलो नाही. दोन्हींचा मला मनापासून कंटाळा आला होता. सात महिने, दर रविवारी दुपारी दोन ते पाच, मी वज्रबाहू होतो आणि आज पावणेचारला तो गेला.

पण आंघोळ ही वज्रबाहूची नाही, ती अकोल्याची. आमचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, आणि वडील भिक्षुक. कोणाकडे कोणी गेलं की माणूस आधी आमच्या दारात यायचा, कारण पुढचं सगळं वडिलांनी करायचं. त्यामुळे मृत्यूची बातमी आमच्याकडे दूधवाल्यासारखी रोज सकाळी यायची. त्यातली आपली किती आणि गिऱ्हाइकांची किती हे वडील दारातच वेगळं करायचे. नात्यातला, गोत्रातला निघाला की आम्हा भावंडांना हुकूम सुटायचा: आधी पाणी, मग प्रश्न. आहात तसे, कपड्यांसकट. अकोल्याच्या मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना हा हुकूम म्हणजे सुखच होतं, आणि आम्ही पोरं दुपारी ओट्यावर बसून कोणीतरी लांबचा काका जाईल म्हणून वाट पाहत असू, हे आता कबूल करायला हरकत नाही. मात्र नळ आठवड्यातून एकदा यायचा. त्यामुळे आई म्हणायची, यांच्या कुळातली माणसं मरतातही नेमकी नळ येऊन पाच दिवस झाले की. मी वकिली शिकायला अमरावतीला जातो म्हणालो तेव्हा वडील संतापून ओरडले, तुझ्या नावानं आंघोळ केली मी! इतर लोकांचे वडील हे नुसतं म्हणतात. आमचे उठले आणि खरोखर आंघोळ करून आले. दोन बादल्या गेल्या. त्याबद्दल आईनं त्यांना जे सुनावलं त्यात माझ्या वकिलीचा विषय कायमचा वाहून गेला आणि दुपारी त्यांनीच मला पानावर बोलावलं. तेव्हापासून मी स्वतःला मोठा बुद्धिवादी समजत आलो. गोत्र, सुतक, सोवळं सगळं मोर्णेपलीकडे सोडून आलो असं मी लोकांना सांगतो. आणि आज माझी मुलगी वही मिटून म्हणाली, "वज्रबाहू गेला," आणि माझे पाय मला न विचारता उठून नळाखाली आले. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, म्हणतात ते काही उगीच नाही.

ओला पट्टा पोटाला काचायला लागला होता. बाहेर हॉलमधला कूलर घरघरत होता आणि त्यातून पोरांचे आवाज तुटक तुटक येत होते. मी उठायला हवं होतं. पण उठून बाहेर जायचं म्हणजे कोण म्हणून जायचं हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न वाटतो तितका पोरकट नव्हता, कारण एक वर्ष आणि सात महिने झाले, माझी मुलगी माझ्याशी बोललेली नाही. वज्रबाहूशी बोलते. माझ्याशी नाही.

याचं मूळ माझ्या मतांत आहे. मला मतं फार. व्हिडिओ गेमबद्दलचं माझं मत तर एवढं जुनं आहे की त्याला वारसाहक्क लागावा. मी कॉलेजात असताना अकोल्यात एका दुकानात व्हिडिओ गेमचं एक खोकं आलं होतं. नाणं टाकलं की पडद्यावर एक विमान उडायचं. मी रांगेत तासभर उभा राहिलो, नाणं टाकलं आणि अकरा सेकंदांत माझं विमान पडलं. मागचा मुलगा म्हणाला, "सरक ना बे." त्या अकरा सेकंदांच्या पुराव्यावर मी पुढे चाळीस वर्षं मत बाळगलं: असले खेळ पिढी बिघडवतात. जुईली दहावीत असताना तिच्या मामानं, किशोरनं, पुण्याहून त्याचा जुना कन्सोल तिला आणून दिला. दोन हँडल, एक काळा डबा, वायरींचा गुंता. ती दिवसातून एक तास खेळायची आणि त्या तासात घरात कधी नव्हे इतकं हसू ऐकू यायचं. मी तो जप्त केला. नुसता जप्त केला असता तर बापानं केलं असं झालं असतं. मी रीतसर पंचनामा केला. वस्तूचं वर्णन, रंग काळा, डाव्या कोपऱ्यात ओरखडा. जप्तीची वेळ, कारण. पंच म्हणून सरोजिनीची आणि शेजारच्या आशाबाईंची सही घेतली, डब्याला सुतळी बांधली आणि गाठीवर लाखेची मोहोर उठवली. आशाबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, लेकरू हाये ते, खुनी नाही." मी म्हणालो, कायदा सर्वांना समान. जुईली पंधरा वर्षांची होती आणि तिनं पंचनाम्याची प्रत मागितली. मी ती दिली, आणि मला तेव्हा तिचा अभिमानच वाटला, हे माझ्या मूर्खपणाचं माप.

तरी तेवढ्यानं ती बोलायची थांबली नव्हती. ती इंजिनिअर झाली, मी तिला स्पर्धापरीक्षेच्या क्लासला घातली, ती क्लासला जाते असं मी समजत होतो आणि ती खोलीत बसून न असलेल्या राज्यांचे नकाशे काढत होती. मग एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता: व्हिडिओ गेम आणि आजची पिढी. माझी स्कूटर गॅरेजात होती म्हणून जुईलीनंच मला तिच्या गाडीवर सोडलं आणि आलीच आहे तर थांबते म्हणून तिसऱ्या रांगेत बसली. माझ्यासमोर माईक आणि पाचशे माणसं. अशा वेळी माझं जे होतं ते झालं. मी विमानाचं सांगितलं नाही. मी कन्सोलचं सांगितलं, सुतळी, लाख, पंच, सगळं रंगवून, लोक हसले, लोक हसले की मला चेव येतो, मग मी म्हणालो, आणि तरीही आमची कन्या आज काय करते? फासे टाकते! पूर्वी जुगारी घराबाहेर जायचे, आता आपण त्यांना फी भरून घरात पोसतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ, शाल, पुष्पगुच्छ घेऊन मी खाली आलो तेव्हा ती गाडीजवळ हेल्मेट घालून उभी होती. मी मागे बसलो. पुष्पगुच्छ आम्हा दोघांच्या मध्ये होता. घर येईपर्यंत ती काही बोलली नाही, मला वाटलं रहदारी आहे. नंतर जेवताना बोलली नाही, मला वाटलं दमली असेल. आठ दिवसांनी ती सरोजिनीला म्हणाली, "आई, त्यांना सांग, त्यांचा फोन वाजतोय." मी समोरच बसलो होतो. तेव्हा मला कळलं की निकाल लागलेला आहे आणि मी हजरच नव्हतो.

पुढे त्यांचा रविवारचा डाव आमच्या हॉलमध्ये भरायला लागला, कारण आमच्याकडे मोठं टेबल आणि नवा कूलर. मी कोपऱ्यात पेपर धरून बसायचो आणि ऐकायचो. ऐकायचो म्हणजे हरकती घ्यायचो. राजानं कोणाला देशोधडीला लावलं की पेपरामागून म्हणायचो, नोटीस दिली होती का? ड्रॅगनच्या गुहेतलं सोनं यांनी उचललं की म्हणायचो, कब्जा म्हणजे मालकी नव्हे. जुईली ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शेवटी एक दिवस श्यामनंच हात जोडले. "काका, तुमी तिथून बोलन्यापरीस इथं येऊन बसाच ना एकडाव." मी जुईलीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण एक कोरा कागद टेबलावरून माझ्या बाजूला सरकवला. मी हयातीत पुष्कळ कागद स्वीकारले आहेत. तो मात्र मी दोन्ही हातांनी घेतला.

आणि ती बोलली. पहिल्याच रविवारी ती वेशीवरचा पहारेकरी होऊन म्हणाली, "कोण रे तू?" एक वर्षानंतर माझ्या मुलीनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलेला प्रश्न. मी म्हणालो, "वज्रबाहू." ती म्हणाली, "कुठून आलास?" आणि मला असा ठसका लागला की श्यामनं पाण्याचा गडवा पुढे केला. मग ती माझ्याशी सावकार म्हणून बोलली, वेडा साधू म्हणून बोलली, एका बोलक्या घारीच्या तोंडून बोलली. सगळ्यात जास्त बोलायची ती चंदा म्हणून. चंदा म्हणजे नदीपलीकडे खानावळ चालवणारी एक बाई. वज्रबाहू मोहिमेवरून थकून आला की चंदा त्याला वाढायची आणि दिवसभराचं सांगायची: आज चूल पेटत नव्हती, आज गिऱ्हाइकानं उगीच नाव ठेवलं, आज मी एक नवी आमटी केली आणि कोणालाच कळली नाही. मला कळायचं, की तिची कुठंतरी मुलाखत झाली आहे, कोणीतरी तिच्या नकाशांना नावं ठेवली आहेत. मी वज्रबाहूच्या बुद्धीप्रमाणे, म्हणजे सहा, उत्तर द्यायचो: "मारू काय त्याले?" ती खळखळून हसायची. आणि पाच वाजता पोरं गेली की तीच मुलगी सरोजिनीला म्हणायची, आई, त्यांना विचार, चहा घेणार का.

आता या खेळाबद्दलही मला मत झालंच आहे, ते सांगून टाकतो. कन्सोलमधला राक्षस कितीही सुंदर असला तरी त्याला तुमचं म्हणणं ऐकून घ्यायची सोय नसते. टेबलावरच्या राक्षसाला असते, आणि म्हणून हा खेळ श्रेष्ठ. श्यामचं मत वेगळं. तो म्हणतो, "काका, मोबाईलवर मेलं तं तीन सेकंदात मानूस जित्ता होते. इथं मेलं तं मेलं. म्हनून इथं भेव लागते." त्याचं बरोबर होतं. जुईलीच्या राज्यात मेलेला परत येत नाही. नवा कागद मिळतो, नवं सोंग घेता येतं, पण त्या सोंगाला कोणी ओळखत नाही. चंदा त्याला, कोण रे तू, असंच विचारणार.

गेल्या रविवारी चंदा वज्रबाहूला भाकर वाढता वाढता म्हणाली, "मी खानावळ बंद करतेय. दक्षिणेकडे मोठं काम मिळालंय. वीस तारखेला निघते." आकांक्षानं मान खाली घातली. त्या राज्यात महिनेच नव्हते, तिथं वीस तारीख कुठून आली? पण मला कळलं. त्याच संध्याकाळी हॉलमध्ये निळी बॅग दिसली. मी सरोजिनीला विचारलं तर ती म्हणाली, "हैदराबादला. गेम बनवणारी कंपनी आहे. तिचं तिलाच सांगू द्या म्हणून गप्प होते." मी म्हणालो, मला सांगितलंय तिनं. सरोजिनी चकित झाली. मग मी आठवडाभर उत्तराचा मसुदा करत होतो. कोर्टाचे मोठे हिरवे कागद घेतले. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला, पण वज्रबाहूची बुद्धी सहा, त्याच्या तोंडी 'तथापि' शोभेना. शिवाय वज्रबाहूनं चंदाला कधी वाईट शब्द काढलेला नव्हता, तेव्हा त्यानं माफी मागायची ती कशाबद्दल, हा तांत्रिक मुद्दा उपस्थित होत होता. छाटत छाटत शनिवारी मी चार वाक्यांवर आलो. चंदे, तू जा. तुझं नाव होईल. भरल्या चौकात मी तुला हसलो ते माझं चुकलं. तू गेल्यावर मला करमणार नाही. चौक कुठला म्हणून चंदानं विचारलं असतं तर वज्रबाहू दांडगा आहे, त्याच्या लक्षात राहत नाही, असं म्हणून निभावून नेणार होतो. आज अठरा तारीख, शेवटचा डाव. वज्रबाहूनं मोहिमेवरून परत फिरायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा, खानावळीत जायचं आणि चार वाक्यं म्हणायची, एवढंच काम होतं.

पुलावर एक राखणदार उभा होता. तोही अर्थात जुईलीच. तिनं आवाज खोल केला आणि म्हणाली, "पूल ओलांडायचा तर मान झुकवून जा. सगळे झुकवून जातात." श्यामनं झुकवली. आकांक्षानं झुकवली. पलीकडे खानावळीचा धूर दिसत होता, तिनं तसं मुद्दाम सांगितलंही. आणि मी, ताकद अठरा, बुद्धी सहा, कमरेला तलवार असलेला मी म्हणालो, "कोणाच्या हुकुमानं?" तो म्हणाला, रिवाज आहे. मी म्हणालो, रिवाज आणि कायदा यांत फरक आहे. पूल सार्वजनिक आहे की खाजगी? त्याला नेमणुकीचं पत्र मागितलं. श्याम कळवळून म्हणाला, "काका, तलवार तरी काढा नाही तं मान तरी झुकवा! काहून बोलून राहिले तुमी त्याच्याशी?" राखणदार दुसऱ्यांदा म्हणाला, "मान झुकव, वज्रबाहू." मी एक जुना निवाडा सांगितला. मला मजा यायला लागली होती, हेच तर आहे. समोर ऐकणारं कोणी असलं की मला मजा येते. तिसऱ्यांदा तिनं आवाज बदललाच नाही, राखणदाराचा खोल आवाज कुठं गेला कोण जाणे. अगदी हळू म्हणाली, "झुकव ना. एकदाच." आणि मी बोट वर करून म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." तिनं फासा सगळ्यांसमोर टाकला. वीस पडले. राखणदाराचा सोटा वज्रबाहूच्या डोक्यात बसला आणि तो पुलावरून खाली गेला. नदी खोल होती. जगाच्या इतिहासात कागदपत्रं मागता मागता बुडालेला हा पहिलाच पहिलवान असावा. पण स्टुलावर बसून ओल्या मोज्यांकडे बघताना मला त्याचं हसू येईना. हसू येण्याऐवजी मला रडू आलं. नळ सुरू होता म्हणून मी ते येऊ दिलं. सात महिन्यांत माझ्या मुलीशी ज्याचं पटलं असा घरातला एकच पुरुष होता, आणि त्याला मी बोलून बोलून मारलं.

दारावर पुन्हा थाप. "काका," श्यामचा आवाज. "तब्येत बरी हाये ना?" मी म्हणालो, हो. "वज्रबाहूचं लय वाईट वाटलं. चांगला मानूस होता." मी आभार मानले. तो गेला नाही. तिथंच उभा होता, पाय बदलत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, शोक करतोय. मग कुजबुज झाली, आकांक्षाचा हसू दाबल्याचा आवाज आला, कोणीतरी कोणालातरी "तूच सांग ना त्याहिले," म्हणालं. मग दाराच्या अगदी जवळून, राखणदाराचा नव्हे, साधूचा नव्हे, घारीचा नव्हे, असा एक आवाज म्हणाला, "बाबा." मी नळ बंद केला. "बाबा, बाहेर या. श्यामला जायचंय."

मी कडी काढली. श्याम "सरका काका, सरका," म्हणत माझ्या काखेखालून आत घुसला आणि दार लागलं. बाथरूमबाहेरच्या, वॉशिंग मशीन ठेवलेल्या अरुंद बोळात मी आणि जुईली उरलो. तिनं मला डोक्यापासून मोज्यांपर्यंत पाहिलं. पट्ट्याच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. "हे काय?" ती म्हणाली. मी म्हणालो, "वज्रबाहूची." मुलगी आमच्याच घरातली, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिचं हसू अर्ध्यावर आलं आणि तिथंच थांबलं, आणि मग तिचे डोळे भरले. "मी तीन वेळा सांगितलं होतं," ती म्हणाली. "हो." "तिसऱ्यांदा तर मी..." "हो, ऐकलं मी." "मग?" मी म्हणालो, "त्याला खानावळीत जायचं होतं गं. त्याला चंदाला सांगायचं होतं, की वज्रबाहूला असं वाटतं..."

"त्याचं राहू द्या," जुईली म्हणाली. "तो गेला. तुमचं सांगा."

चारही वाक्यं मला पाठ होती. पण ती चंदाची होती, आणि समोर चंदा नव्हती. तीस वर्षं मी उभा राहिलो की शब्द आपोआप येतात. आज एकही येईना. मग जे आलं ते मसुद्यातलं नव्हतं. "जाय तू," मी म्हणालो. "त्या दिवशी स्टेजवर मी तुझं हसं केलं. लोक हसत होते म्हणून करत गेलो. चुकलं माझं, पोरी. अन् मले करमनार नाही तुझ्याबिगर."

तिनं दोरीवरचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला, मग तो पुरेसा वाटला नाही म्हणून माझं डोकं पुसायला लागली, जरा जोरातच, म्हणजे रागही होता. टॉवेलच्या आत मला काही दिसत नव्हतं. तिथूनच मी विचारलं, "गाडी कितीची आहे?"

"परवा सव्वातीन. बडनेरा स्टेशनवरून."

"मी येतो सोडायला. अडीचला निघू."

"दीडला निघू, बाबा," जुईली म्हणाली. "तुम्ही ऑटोवाल्याला लायसन मागत बसता."